पाण्याने भरलेली होडी तरंगू शकते का?
(विज्ञान विभाग – इयत्ता ७ वी ते १० वीसाठी, पालक आणि विश्वस्तांनीही अवश्य वाचावे)



आठवीच्या वर्गात आर्किमिडीजचा नियम शिकवून झाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, लोखंडाचं एवढं मोठं जहाज तरंगतं, मग होडीत पाणी शिरलं की ती का बुडते?" यंदा एका विद्यार्थिनीने त्याच्या पुढचा प्रश्न विचारला. "सर, पाणी भरलं तरी बुडणार नाही अशी होडी करताच येत नाही का?"

वर्ग एकदम शांत झाला. बडोद्याच्या मुलांनी हा प्रश्न का विचारावा, हे सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर ते १९९३ सालच्या सूरसागर तलावातल्या दुर्घटनेची आठवण सांगतील. त्या वेळी २२ जणांचा बळी गेला होता.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे, "हो, करता येते." कशी करता येते, त्यामागे कोणते गणित आहे आणि ते गणित कुठे अपुरे पडते, हे या धड्यात पाहू.

१. होडी तरंगते कशी आणि बुडते का?

पाण्यात बुडालेली वस्तू स्वतःला लागेल तेवढी जागा पाण्याकडून घेते, म्हणजे तेवढे पाणी बाजूला सारते. बाजूला सारलेल्या पाण्याचे जेवढे वजन, तेवढ्या बलाने पाणी त्या वस्तूला वर ढकलते. या बलाला आपण प्लावक बल म्हणतो. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो, हे लक्षात ठेवले की पुढचा सगळा हिशोब तोंडी करता येतो.

रिकामी स्टीलची वाटी पाण्यावर ठेवा. ती तरंगते, कारण धातूबरोबर वाटीतली हवाही पाणी बाजूला सारण्याच्या कामी येते. आता वाटीत पाणी ओता. हवेची जागा पाण्याने घेतली. उरला फक्त धातू, आणि स्टील पाण्याच्या जवळजवळ ८ पट जड. वाटी तळाला गेली.

होडीचेही असेच आहे. कोरडी असताना तिच्या पोटातली हवा तिला तरंगवते. पाणी भरले की प्रश्न एवढाच उरतो, की होडी ज्या पदार्थाची केली आहे तो पाण्यापेक्षा हलका आहे की जड?

- सागवानी लाकूड पाण्यापेक्षा हलके असते (घनता सुमारे ०.६५). म्हणून जुनी लाकडी होडी पाण्याने भरली तरी सहसा पृष्ठभागाशी राहते. तिला जड इंजिन बसवले तर मात्र हा भरवसा राहत नाही.
- फायबरची घनता सुमारे १.५. फायबरची होडी पाण्याने भरली की बुडते.
- ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि पोलादाची सुमारे ७.८५. ही होडी आणखी लवकर तळ गाठते.

आजकाल तलावांत आणि खाड्यांत दिसणाऱ्या लहान होड्या बहुतेक फायबरच्या असतात. फायबर कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, दुरुस्तीही सोपी. पण लाकडाकडे जो एक गुण आपोआप होता तो फायबरकडे नाही. तो बाहेरून आणून द्यावा लागतो.

२. भोपळा, डबा आणि फोम

आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येक जण विहिरीत पोहायला शिकले ते पाठीला सुका भोपळा किंवा झाळलेला पत्र्याचा डबा बांधून. नदी उतरण्यासाठी भोपळे एकत्र बांधून सांगड करत. 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण मूळची सांगड पाण्यावरची आहे.

भोपळा काय किंवा डबा काय, दोन्हींचे काम एकच. हवा अशा जागी कोंडून ठेवायची की तिथे पाणी शिरणार नाही. डब्याचा दोष आजोबांना चांगला ठाऊक होता. एक बारीक भोक पडले की डबा भरला! होडीत हवेच्या बंद टाक्या बसवल्या तर त्यांनाही हीच भीती. एक तडा गेला की अख्खी टाकी निकामी.

यावर उपाय सोपा आहे. एका मोठ्या डब्याऐवजी लाखो चिमुकले डबे एकमेकांना चिकटवून ठेवायचे. एक फुटला, दहा फुटले, तरी बाकीचे शाबूत. असे लाखो चिमुकले बंद कप्पे म्हणजेच फोम.

मात्र सगळे फोम सारखे नसतात. आंघोळीच्या स्पंजाचे कप्पे एकमेकांत उघडतात, म्हणून तो पाणी पितो. पाण्याखाली दाबून त्यातली हवा काढली की तो बुडतो. होडीला बंद कप्प्यांचा फोम लागतो. थर्माकोलमध्येही सुमारे ९८ टक्के हवाच असते आणि ती कोंडलेली असते. पण थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो (हा प्रयोग घरी अजिबात करू नका). इंजिनाच्या होडीत तळाशी थोडेफार पेट्रोल-तेल सांडतेच. म्हणून तिथे बहुधा पॉलियुरेथेन फोम वापरतात. पॉलियुरेथेनचा शोध १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला.

होडीचा फोम बऱ्याचदा जागेवरच तयार करतात. दोन द्रव एकत्र ढवळून होडीच्या दुहेरी तळात किंवा बाकांच्या पेटीत ओततात. काही सेकंदांत मिश्रण फसफसून फुगू लागते आणि सुमारे ३० पट होते. थोड्याच वेळात ते कडक होते. या क्रियेत उष्णता निर्माण होते. एकदम जास्त ओतले तर आतला भाग करपतो, म्हणून थरावर थर देतात. यातल्या एका द्रवाची वाफ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा लागतेच.

३. किती फोम लागतो? चला, हिशोब करू

होडीत वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या पॉलियुरेथेन फोमचे वजन दर घनमीटरला सुमारे ३२ किलो, म्हणजे १ लिटर फोमचे वजन फक्त ३२ ग्रॅम. १ लिटर फोम पाण्याखाली दाबला तर पाणी त्याला १००० ग्रॅमच्या बलाने वर ढकलते. त्यातून त्याचे स्वतःचे ३२ ग्रॅम वजा केले की उरतात ९६८ ग्रॅम. थोडक्यात, १ लिटर फोम जवळजवळ १ किलो वजन पेलतो.

आता एक होडी घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

(अ) फायबरचा सांगाडा ३०० किलो. पाण्यात बुडाल्यावर त्याचे वजन एवढे राहत नाही. घनता १.५ असल्याने ३०० किलो फायबर २०० लिटर जागा घेते, म्हणजे पाणी २०० किलोच्या बलाने वर ढकलते. पेलायचे उरले १०० किलो.

(आ) इंजिन व बॅटरी ५० किलो. हे बहुतांश धातूचे, म्हणून पाण्यात फारसे हलके होत नाहीत. ४० किलो धरू.

(इ) माणसे १०. भरलेल्या होडीत ती कमरेपर्यंत पाण्यात बसलेली असतील. शरीराचा पाण्यातला भाग पाणीच पेलते. प्रत्येकाचे १५ किलो होडीवर येतात असे धरले तर १५० किलो.

एकूण १०० + ४० + १५० = २९० किलो.
लागणारा फोम = २९० ÷ ०.९६८ = सुमारे ३०० लिटर.

३०० लिटर म्हणजे केवढा? घरी येणारे पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे १५ जार डोळ्यांसमोर आणा. बाकांखाली आणि दोन्ही कडांना मिळून एवढी जागा सहज निघते. आणि त्या सगळ्या फोमचे वजन? ३०० × ३२ ग्रॅम = ९.६ किलो. दहा किलोंपेक्षाही कमी!

आता हाच हिशोब १० ऐवजी २० माणसांचा करून पाहा. आणखी १५० किलो आले. त्यासाठी सुमारे १५५ लिटर फोम जास्त हवा. तो होडीत नाही. म्हणजे क्षमतेचा आकडा मोडला की आत बसवलेला फोमही तुमचा राहत नाही. होडीवर लिहिलेली माणसांची संख्या हे हिशोबाचे उत्तर असते. ते 'ॲडजस्ट' करता येत नाही.

४. फोम कुठे ठेवायचा?

हा भाग प्रयोग करूनच शिकण्यासारखा आहे. साहित्य: सुमारे ६० ग्रॅमच्या दोन स्टीलच्या वाट्या, काडेपेटीएवढे थर्माकोलचे आठ तुकडे, चिकटपट्टी आणि पाण्याने भरलेली बादली.

पहिल्या वाटीला बाहेरून, काठालगत, चार दिशांना चार तुकडे चिकटवा. दुसऱ्या वाटीला चारही तुकडे बुडाखाली चिकटवा. आता दोन्ही बादलीत सोडून हळूहळू पाण्याने भरा.

पहिली वाटी काठोकाठ भरूनही सरळ राहते. दुसरी मात्र डुगडुगते आणि उलटी होते. फोम तेवढाच, वाटी तेवढीच, फरक फक्त जागेचा. हलका फोम खाली आणि जड धातू वर असेल तर पाणी फोमला वर ढकलून अख्खी वाटी पालथी करते.

म्हणून चांगल्या लहान होडीत फोमचा बराचसा भाग दोन्ही कडांना, जमेल तेवढा वर आणि इंजिनाच्या जवळ असतो. पाणी भरले तरी अशी होडी आडवी न होता सपाट राहते आणि माणसांना आत बसून राहता येते.

ही युक्ती जुनी आहे. १७८५ साली लंडनमधील लायोनेल ल्यूकिन नावाच्या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराने न बुडणाऱ्या होडीचे पेटंट घेतले. त्याने होडीच्या काठाला बाहेरून बुचाच्या झाडाच्या सालीचा जाड पट्टा लावला, आत हवेच्या बंद पेट्या ठेवल्या आणि तळाला लोखंडाचे वजन दिले. हलके वर, जड खाली! तेव्हा फोम नव्हता, पण बुचाच्या सालीतही बंद कप्पेच असतात.

पुढे अमेरिकेत रिचर्ड फिशर यांनी दोन फायबरच्या कवचांमध्ये फोम भरून होडी बनवली. १९५८ मध्ये ती 'बोस्टन व्हेलर' या नावाने बाजारात आली. १९६१ मध्ये 'लाइफ' या मासिकात तिची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. फिशर होडीत बसलेले आहेत, होडी करवतीने मधोमध कापली जात आहे आणि कापलेल्या अर्ध्या होडीत ते तरंगत आहेत. अमेरिकेत १९७१ मध्ये होडी-सुरक्षेचा कायदा झाला. त्यानंतर त्या दशकात २० फुटांपेक्षा लहान अशा बहुतेक मोटार-होड्यांत असा तरंगता भाग असणे बनवणाऱ्यांवर बंधनकारक झाले.

५. फोम म्हातारा होतो

एकदा भरला की काम झाले, असे नाही. बंद कप्प्यांचा फोमही वर्षानुवर्षे साचलेल्या पाण्यात पडून राहिला तर हळूहळू पाणी ओढतो. तळाच्या पोकळीत शिरलेले पाणी बाहेर जायला वाट नसेल तर हे लवकर होते. नंतर फळीला खिळे-स्क्रू ठोकले, कवचाला तडा गेला, पेट्रोल झिरपले, तरी फोम खराब होतो.

आपल्या होडीच्या ३०० लिटर फोमपैकी १०० लिटर जागेत पाणी भरले असे समजा. पेलण्याची ताकद १०० किलोने घटली. शिवाय होडी रोज १०० किलो जादा ओझे घेऊन फिरते आहे. म्हणजे तीन मुले कायमची लपून बसल्यासारखीच! ती कोणाला दिसत नाहीत आणि मोजणीतही येत नाहीत. अशी होडी पूर्वीपेक्षा खोल बसते आणि वळायला जड जाते. वरचा रंग नवा असला तरी आतला फोम नवा असतोच असे नाही. होडी बाहेर काढून तिचे वजन करणे किंवा फोमचा नमुना काढून तो ओला आहे का पाहणे, हीच खरी तपासणी.

६. फोम काय करू शकत नाही?

इथे नीट लक्ष द्या. फोम होडीला उलटण्यापासून वाचवत नाही. सगळे एका बाजूला सरकले, फोटोसाठी उभे राहिले किंवा वळणावर सगळे एकदम झुकले, तर फोम भरलेली होडीही कलंडू शकते. फोमचे काम त्यानंतर सुरू होते. होडी तळाला जात नाही आणि धरायला काहीतरी राहते.

म्हणून तीन गोष्टींचा क्रम पाठ करा. पहिले लाइफ जॅकेट, दुसरी माणसांची संख्या, तिसरा होडीतला फोम. एकीमुळे दुसरीला सुट्टी मिळत नाही.

लाइफ जॅकेटमध्येही बंद कप्प्यांचा फोमच असतो. एवढेसे जॅकेट ६० किलोच्या माणसाला कसे पेलते? कारण त्याला ६० किलो पेलायचेच नसतात. माणसाच्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याएवढीच असते. तोंड पाण्याबाहेर राहण्यासाठी मोठ्या माणसालाही साधारण ३ ते ५ किलोंचा आधार पुरतो. तेवढ्यासाठी ५-६ लिटर फोम बस होतो. पण जॅकेट मापाचे हवे आणि सगळे पट्टे बांधलेले हवेत. मोठ्या माणसाचे सैल जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून वर निघून जाते आणि मूल खाली राहते. होडीच्या कोपऱ्यात रचून ठेवलेले जॅकेट तर कोणालाच वाचवत नाही.

आणि होडी उलटलीच, पण तरंगत असेल, तर तिला धरून राहा. काठ जवळ वाटतो, पण पोहत निघालेला माणूस दमतो. शोधणाऱ्यांना एकट्या डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते.

७. पालक आणि विश्वस्तांसाठी

सहलीच्या संमतीपत्रावर आपण सही करतो तेव्हा बसचे भाडे आणि जेवणाची सोय विचारतो. २००७ साली केरळमध्ये तट्टेक्काड येथे सहलीची होडी बुडाली, त्यात १५ विद्यार्थी आणि ३ शिक्षक गेले. मग हरणी झाले. दोन्ही वेळा मुले शाळेच्या भरवशावर होडीत चढली होती. म्हणून सहलीत होडी असेल तर पुढील प्रश्न शाळेने आधी, लेखी विचारावेत असे सुचवावेसे वाटते.

१. होडीची क्षमता किती? ती होडीवर लिहिलेली आहे का? आमच्या किती फेऱ्या होतील?
२. प्रत्येक मुलासाठी त्याच्या मापाचे जॅकेट आहे का? ते काठावरच, चढण्यापूर्वी बांधले जाईल का?
३. होडीची नोंदणी आणि अलीकडच्या तपासणीचा कागद दाखवता येईल का?
४. होडीत तरंगता फोम किंवा बंद टाक्या आहेत का? त्यांची तपासणी कधी झाली?
५. जवळ दुसरी बचाव-होडी आणि पोहणारी माणसे तयार असतात का?

यातल्या एकाही प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर मुलांना काठावरून तलाव दाखवावा.

सहावी गोष्ट विश्वस्तांनी ठरवायची आहे. काठावर उभ्या असलेल्या शिक्षकाला "ही फेरी नको" म्हणण्याचा पूर्ण अधिकार असला पाहिजे. पैसे भरलेले असतात, मुले हट्ट करत असतात, होडीवाला घाई करत असतो आणि पुढचे ठिकाण गाठायचे असते. अशा वेळी नकार देणाऱ्या बाईंना परत आल्यावर "पैसे का वाया घालवले?" असे कोणी विचारणार नाही, हे शाळेने आधीच लिहून द्यावे. तेवढे केले तर या धड्याचा उपयोग झाला असे म्हणता येईल.

स्वाध्याय

१. २०० किलो ॲल्युमिनियमच्या होडीचे पाण्याखालील वजन किती? (घनता २.७) फक्त सांगाडा पेलण्यासाठी किती लिटर फोम लागेल?
२. लाकडी होडीला जड इंजिन बसवल्यावर तिलाही फोमची गरज का पडू शकते?
३. एका होडीत १२० लिटर फोम होता. त्यापैकी ३० लिटर जागेत पाणी भरले. पेलण्याची ताकद साधारण किती किलोने कमी झाली?
४. घरातल्या आजी-आजोबांना विचारा: तुम्ही पोहायला कसे शिकलात? पाठीला काय बांधले होते? दहा ओळी लिहून आणा.

(उत्तरे: १. २०० किलो ॲल्युमिनियम सुमारे ७४ लिटर जागा घेते, म्हणून पाण्याखालील वजन सुमारे १२६ किलो. फोम सुमारे १३० लिटर. ३. सुमारे ३० किलो. प्रश्न २ चे उत्तर वर्गात चर्चेने काढू. वाटीचा प्रयोग करून आलेल्यांनी दोन्ही वाट्यांची आकृती वहीत काढून आणावी.)